मशीन निवेपर्यंत

पट्टीच्या दोन्ही टोकांचा रंग पुरता बदलला होता. मधे मात्र, नखाएवढ्या जागेत, फिकट बदामी तसाच राहिला होता. तिने पट्टी चिमट्यात धरून खिडकीशी नेली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. वाफ दोन्हीकडून हत्यारांच्या गठ्ठ्यात शिरली होती आणि मधे कुठेतरी अडली होती. कापड घाईत दुमडलं असेल, ट्रे दाटीवाटीने भरला असेल, हवेचा एखादा कप्पा अडकून राहिला असेल. पट्टी कारण सांगत नाही. वाफ इथवर आली की नाही, एवढंच सांगते, आणि तेही ओठातल्या ओठात.

तिने पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि फोटो काढला. तिने लिहिलेल्या कोर्समधला आधीचा फोटो तिला फार सरळसोट वाटत होता. खऱ्या पट्ट्या अशा असतात: बघणाऱ्याला जे हवं ते दाखवणाऱ्या.

पट्टीकडे टक लावून बसायची तिला सवय होती. घरच्या पट्ट्या निराळ्या. त्या न्हाणीघरातल्या कपाटात, टॉवेलांच्या मागे असायच्या, आणि त्यांच्यावर दुसरी रेघ आजवर उमटली नव्हती. एकदा उमटल्यासारखी वाटली होती. ती नवऱ्याला दिसली होती. तिला नव्हती.

"मॅडम, हे काय आहे?"

दारात प्रशिक्षण विभागाचे प्रमुख उभे होते. त्यांना सगळ्या हॉस्पिटलात टक्केवारी म्हणत, आणि ते त्यांनाही ठाऊक असावं, कारण टक्के सांगताना त्यांचा आवाज हल्ली किंचित खाली येई.

"काय झालं?"

"तुमचा नवा कोर्स. तळघरातल्या सगळ्यांनी पूर्ण केला, शंभर टक्के. छान. पण सातवा प्रश्न बघा. ब्याण्णव टक्के चूक."

तिने हातातला मोबाइल खाली ठेवला. तळघर म्हणजे निर्जंतुकीकरण विभाग. शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या मशीनमधून काढायची जागा. सातवा प्रश्न अगदी साधा होता. मशीन उघडलंय, पट्टी मधे फिकट आहे, वरून, ऑपरेशन थिएटरमधून, फोनवर फोन येताहेत. खेप पाठवून द्याल की थांबवाल?

"ही माणसं वर्षानुवर्षं हेच करतात," टक्केवारी म्हणाले. "त्यांना एवढं येत नाही?"

"येतं."

"मग?"

"बघावं लागेल."

"सोमवारी वरचे लोक बघायला येणार आहेत. तोवर नीट करा."

"सोमवारी मी नाहीये. दवाखान्यात जायचंय."

ते गोंधळले. "आपण दवाखान्यातच आहोत की, मॅडम."

"दुसऱ्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. मग शुक्रवारी द्या."

कोर्स तयार करणाऱ्या दोघीच होत्या. लिहायची ती, आणि चित्रं काढायची शेजारच्या टेबलावरची चित्रकार. ही बाई दिवसभर पेन्सिल केसांत खोचून पेन्सिल शोधायची. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईने कोर्स लिहिला की तो औषधाच्या डब्यातल्या चिठ्ठीसारखा होतो, असं तिचं मत होतं. म्हणून या वेळी त्यांनी ठरवून एक गोष्ट रचली होती. गोष्टीतल्या बाईला नाव नव्हतं. त्या दोघी तिला "आपली ती" म्हणत.

दोघींनी सातवा प्रश्न उघडला आणि चुकीच्या उत्तरावर क्लिक केलं.

आपली ती खेप वर पाठवून देते. ॲप्रन काढून खुंटीला अडकवते. बाहेर अजून ऊन असतं, उतरतीचं, मधासारखं. ती उताराच्या रस्त्याने चालत जाते, दुकानं एकेक करून मागे पडतात, आणि रस्ता जिथे संपतो तिथे नदी असते. ती पायरीवर बसते. समोरून एक नाव जाते. नावेत कुणी नसतं, तरी ती घाई न करता, आपल्याच तंद्रीत असल्यासारखी, डावीकडून उजवीकडे निघून जाते. मग फोन वाजतो, आणि वर कुणाची तरी जखम चिघळल्याचं कळतं.

"नाव कशाला काढलीस?" तिने विचारलं.

"अगं, पुढे फोन वाजायचाय ना. आधी सामसूम नसेल तर फोनला कोण दचकणार?"

कोण कुठल्या पडद्यावर किती वेळ थांबलं, कुठून मागे फिरलं, याची नोंद कॉम्प्युटरकडे असायची. तिने ती काढली आणि बोट लावून लावून वाचली. एक सोडून सगळ्यांनी आधी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते सगळे नदीपर्यंत गेले होते. आणि जवळजवळ सगळ्यांनी नाव पडद्याबाहेर जाता जाता 'मागे' दाबून मग बरोबर उत्तर दिलं होतं. फोनपर्यंत जाऊन एकाच कुणीतरी पाहिलं होतं.

"म्हणजे मुद्दाम चुकताहेत," चित्रकार म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की ते तिला लपवता येईना. "माझ्या नावेसाठी!"

"आणि बरोबर उत्तर दिलं की काय दिसतं?"

"हिरवी खूण. शाबास. पुढचा प्रश्न."

तिने बरोबर उत्तरावर क्लिक केलं. हिरवी खूण लागली आणि पुढचा प्रश्न आला.

"थांबवणारीला आपण काही दिलंच नाही गं," चित्रकार म्हणाली.

तिने नवं पान उघडलं आणि लिहिलं: तिने खेप थांबवली, आणि मग. तिथे हात अडला. चूक केली की काय होतं हे तिला सविस्तर लिहिता येत होतं. थांबवलं की काय होतं हे तिला माहीत नव्हतं. दुपार झाली, चित्रकाराने चहा आणून दिला, चहा निवला, त्यावर साय धरली, तरी वाक्य तिथेच होतं.

"मग काय, मग पुढचं आयुष्य," चित्रकार तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "लिही काहीतरी."

नवरा पोहायला शिकवायचा. दमलेल्या पोहणाऱ्याच्या बाजूने तलावाच्या काठावरून चालत जायची त्याची एक पद्धत होती. ओरडायचा नाही. नुसता सोबत चालायचा आणि म्हणायचा, अजून थोडं, हे बघ, आलंच, अजून थोडं. तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, कुणा लठ्ठ गृहस्थाच्या बाजूने चालताना. त्या गृहस्थाला पलीकडचा काठ गाठून दिल्यावर त्याला स्वतःलाच एवढा आनंद झाला होता, की तिने तिथल्या तिथे, मनातल्या मनात, बरंच काही ठरवून टाकलं होतं.

गेली काही वर्षं तो तिच्या बाजूने चालत होता. इंजेक्शनं तोच द्यायचा. शिकून घेतलं होतं त्याने, आणि हात हलका होता. तपासण्यांच्या तारखा त्याला पाठ असत. एकदा फसलं, पुन्हा फसलं, की तो तिचे पाय मांडीवर घेऊन बसे. मग म्हणे, "एक शेवटचा प्रयत्न करू. मग बघू."

शेवटचा प्रयत्न असा दोनदा करून झाला होता.

"सोमवारची सुट्टी टाकलीस ना?" त्या संध्याकाळी त्याने विचारलं. तो ओले पोहण्याचे कपडे पिळत होता.

"टाकली."

"मला या वेळी बरं वाटतंय. का ते नको विचारूस."

"बघू," ती म्हणाली.

हा तिचा शब्द होता. मागच्या हिवाळ्यापासून ती तो वापरत होती, कारण मागच्या हिवाळ्यातच तिचं तिला कळून चुकलं होतं. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं होतं म्हणून नव्हे. एका सकाळी ती न्हाणीघरात पट्टी हातात घेऊन उभी होती आणि तिच्या लक्षात आलं, की आपण रेघेची वाट बघत नाही आहोत. हे सगळं संपायची वाट बघतो आहोत. तिला तिचं शरीर परत हवं होतं, साधं, दुखरं, कुणाचंच काही देणं नसलेलं. नळ सोडून, आरशासमोर, तिने ते वाक्य म्हणूनही पाहिलं होतं. पाण्याच्या आवाजात ते बरं वाटलं. पण काठावरून सोबत चालणाऱ्या माणसाला, भर तलावात, मी आता हात मारत नाही, हे कसं सांगायचं?

ती कपडे वाळत घालायला त्याला मदत करू लागली.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उबदार, धातूचा वास असलेली हवा भेटली. खोली लांबलचक होती. खिडक्या फक्त छताजवळ, रस्त्याच्या पातळीला. त्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांची नुसती पावलं दिसायची. बूट, चपला, मधेच एखाद्या कुत्र्याचे चार पाय. वरच्या जगाला इथून बघितलं तर त्याला डोकंच नव्हतं.

"या, या. कोर्सवाल्या बाई ना तुम्ही?" तिथल्या सगळ्यांत जुन्या बाई म्हणाल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. "बसा. हात नका लावू कशाला, तापलंय."

ती तोंड उघडून विचारणार, तेवढ्यात मशीनवाले भाऊ दार उघडून एक गठ्ठा सोडू लागले. पट्टी काढली, उजेडात धरली, आणि न बोलता आक्कांपुढे केली. आक्कांनी चष्मा वर सारून बघितली.

"परत," आक्का म्हणाल्या.

एवढंच. तिला वाटलं होतं, या क्षणाला काहीतरी वजन असेल. आक्कांनी तो शब्द भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा म्हटला होता.

मग फोन वाजायला लागले. भाऊंनी फोन कानापासून वीतभर दूर धरला. "हो साहेब. नाही साहेब. नाही मिळणार साहेब. निवतंय साहेब." पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आता काय होणार?" तिने हळूच विचारलं.

"आता हे ओरडतील," आक्का म्हणाल्या. "मग त्यांच्या वरचे ओरडतील. मग ओरडून ओरडून त्यांना भूक लागेल."

"आणि पेशंट?"

"दुपारी घेतील. नाहीतर दुसऱ्या मशीनचं सामान वापरतील. त्याला काय, तो बिचारा उपाशी झोपलाय, त्याला वाटतं दुपारच झाली."

गठ्ठे सुटले, हत्यारं पुन्हा बांधली गेली, कापडाच्या घड्या पुन्हा पडल्या. पण मशीन निवल्याशिवाय ते पुढे हात लावत नसत, आणि निवल्यावरही एकदा ते रिकामंच चालवून बघत. तोवर करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. सगळे भिंतीकडेच्या बाकावर येऊन बसले. एका बाईने लांब काठीने वरची खिडकी ढकलली. तिला सगळे वहिनी म्हणत. कुणाची ते कुणी सांगितलं नाही.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "सातवा प्रश्न."

बाकावर एकदम हशा पिकला.

"अहो, ती नाव!" आक्का म्हणाल्या. "ही वहिनी तर परत परत बघत बसली. मी म्हटलं, अगं, पुढे फोन वाजतो, आधीच मागे ये. मी पहिल्यांदा बघितलं ना, चांगली दचकले. मग सगळ्यांना सांगून ठेवलं."

"मला वाटलं, एकदा तरी कुणीतरी बसेल नावेत," वहिनी म्हणाली. "रिकामी चाललीये, बघवत नाही."

"एकाने पहिल्यांदाच बरोबर उत्तर दिलंय."

"तो मी," भाऊ म्हणाले, खाली बघत. "चष्मा विसरलो होतो. चुकून बरोबर दाबलं गेलं."

"आणि मग नाव दिसली नाही म्हणून दोन दिवस तोंड पाडून हिंडत होता," आक्का म्हणाल्या.

हसणं ओसरलं. मग बोलणंही ओसरलं. मशीनचं पोलाद निवता निवता मधूनच एखादा बारीक आवाज करत होतं, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा. उघड्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला आणि मोकळ्या ट्रेवरून सरकत, छतावर पाण्यासारखा हलायला लागला. वहिनीचा डोळा लागला. भाऊंनी पाय लांब केले. फोन एकदा वाजला आणि कुणी उचलायच्या आत आपणच थांबला. तिला वाटलं, आपण एका मोठ्या, उबदार प्राण्याच्या पोटात बसलो आहोत आणि तो प्राणी कुठेही चाललेला नाही.

"मुलं किती तुम्हाला?" आक्कांनी विचारलं. सहज, वेळ जात नव्हता म्हणून.

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कायम तयार असायचं. अजून नाही. लग्नकार्यात, जिन्यात, केस कापायला गेल्यावर, ते आपोआप बाहेर पडायचं, आणि समोरच्याचा चेहराही त्या 'अजून'मुळे जरा सैल व्हायचा.

"नाही," ती म्हणाली.

आक्कांनी मान हलवली. "पाय वर घ्या," त्या म्हणाल्या. "फरशी गार आहे इथे, मागून गुडघे धरतात."

तिने पाय वर घेतले. आता काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत राहिली. निदान आक्का काहीतरी उपाय सुचवतील, कुणा डॉक्टरचं नाव सांगतील. आक्कांनी डोळे मिटले होते. छतावर ऊन हलत होतं. बाहेरून कुणीतरी लंगडत गेलं, मग एक बाई पळत गेली, मग बराच वेळ कुणीच गेलं नाही.

शेवटी भाऊ उठले, ताप बघावा तसा हाताचा उलटा पंजा मशीनच्या दाराला लावला आणि म्हणाले, "झालं. चला."

वर आल्यावर ते अर्धं वाक्य तिने एका बैठकीत पुरं केलं. चित्रकाराने रात्रीचं जेवणही विसरून चित्रं काढली, असं दुसऱ्या दिवशी तिनेच मोठ्या फुशारकीने सांगितलं. चुकीच्या वाटेवर आता ॲप्रन काढता काढताच फोन वाजत होता. आणि बरोबर वाटेवर आपली ती खेप थांबवत होती, ओरडा खात होती, आणि मग एका लांबलचक खोलीत बाकावर बसत होती.

शुक्रवारी टक्केवारींनी ते उभ्याउभ्याच बघायला सुरुवात केली.

"यात ती करते काय?"

"बसते."

"किती वेळ?"

"मशीन निवेपर्यंत."

"लोक कंटाळतील, मॅडम. निम्म्यात सोडून जातील. साठ, पासष्ट टक्के तरी."

"बघा ना शेवटपर्यंत."

त्यांनी खुर्ची ओढली. पडद्यावर वरच्या खिडकीतून पावलं जात होती. ऊन ट्रेवरून सरकत छताला लागलं. त्यांनी मधेच घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. संपल्यावर ते उठले, दारापर्यंत गेले, वळले.

"ती खिडकी कोण उघडतं?"

"तीच."

"हं," ते म्हणाले. टक्के न सांगताच गेले.

ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागला होता. नवरा फ्रिज उघडा टाकून त्यापुढे उकिडवा बसला होता. केस अजून ओले, खांद्यावर टॉवेल. दारातल्या खणातल्या बाटल्या त्याने ओट्यावर ओळीने मांडल्या होत्या आणि तो ओल्या फडक्याने खण पुसत होता, कोपऱ्यांतून बोट घालून घालून.

"आलीस? हा खण मोकळा करतोय," तो म्हणाला. "सोमवारी औषधं येतील. मागच्या वेळी मागच्या बाजूला सरकून गोठायला आली होती, आठवतं? या वेळी इथे, समोर. लोणच्याला दुसरी जागा बघू."

तिने पिशवी खुर्चीवर ठेवली. तो काहीतरी गुणगुणत होता, सूर नसलेलं, पाण्यातून वर आल्यावर माणसं गुणगुणतात तसं. फ्रिजच्या उजेडात त्याचे कान लाल दिसत होते. तिने हे सगळं नीट बघून घेतलं. घाई केली नाही.

"जरा इकडे बस."

"झालंच. एवढा एक कोपरा."

"राहू दे तो. आधी बस."

तिच्या आवाजात वेगळं काही नव्हतं, तरी त्याचा हात थांबला. त्याने फ्रिजचं दार लावलं. बाटल्या बाहेरच राहिल्या. तो समोरच्या खुर्चीवर येऊन बसला, फडकं तसंच मुठीत, आणि त्यातून एक थेंब फरशीवर पडला.

"काय गं? काय झालं?"

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मूल व्हावं म्हणून मला आता काहीही करायचं नाहीये," ती म्हणाली. "सोमवारी नाही. आणि नंतरही नाही."